मेथडच्या हाती देताना

खापर हे अक्कलकुवा तालुक्यातलं, अंकलेश्वर–बऱ्हाणपूर महामार्गावरचं गाव. पश्चिमेला थोडं गेलं की गुजरात लागतो, उत्तरेला सातपुडा उभा. इथल्या बाजारात गिऱ्हाईक वसावीत भाव विचारतं, दुकानदार गुजरातीत सांगतो, शेजारचा अहिराणीत मध्येच बोलतो आणि पावती मराठीत फाटते. अशा गावात राहून मी प्रोग्रामिंगचं काम करते आणि संध्याकाळी कॉलेजच्या मुलामुलींना शिकवते. काम बहुतेक आसपासच्या दुकानदारांचं आणि शेतमाल खरेदी करणाऱ्यांचं: तोलपावत्या, हिशेबपट्ट्या, उधारीची खाती.

मुलं माझ्याकडे येतात ती क्लास, ऑब्जेक्ट, इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम या शब्दांच्या व्याख्या पाठ करून. प्रत्यक्ष कामाला बसलं की गाडी अडते ती फार साध्या जागी: मेथडला आर्ग्युमेंट दिलं म्हणजे नेमकं काय दिलं? ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्राम म्हणजे ऑब्जेक्ट्सनी एकमेकांना सांगितलेली कामं. काम सांगताना सोबत जे सोपवलं जातं ते आर्ग्युमेंट. ही सोपवणूक मोघम राहिली तर बाकीची सगळी रचना कितीही देखणी असली तरी हिशेब कुठे चुकला ते सापडत नाही. म्हणून या कामातून मला जे पक्कं उमगलं ते इथे क्रमाने मांडते. सगळ्याचा गाभा एकच आहे: सोपवलेल्या वस्तूत बदल करण्याचा हक्क कोणाचा, हे आधी ठरवा आणि मेथड वाचणाऱ्याला ते दिसू द्या.

१. प्रत गेली की पत्ता, हे सगळ्यात आधी विचारा

जावामध्ये इंट, डबल, बूलियन अशा साध्या प्रकारांची किंमतच मेथडकडे जाते. आत ५२ चे ६० केले तरी बाहेर ५२ च राहतात. ऑब्जेक्टचं तसं नसतं. व्हेरिएबलमध्ये मुळात ऑब्जेक्ट नसतंच, ते कुठे आहे हे सांगणारा रेफरन्स असतो. मेथडकडे जाते ती त्या रेफरन्सची प्रत.

‘रेफरन्सची प्रत’ म्हटलं की मुलं गोंधळतात. तेव्हा मी शेताचं उदाहरण देते. माझ्या शेताचा गट क्रमांक मी एका चिठ्ठीवर लिहून ठेवला आहे. तोच क्रमांक दुसऱ्या चिठ्ठीवर उतरवून मी तुम्हाला दिला. तुम्ही त्या गटात जाऊन बांधावरची बाभूळ तोडली, तर माझ्याच शेतातली बाभूळ गेली; चिठ्ठ्या दोन असल्या तरी शेत एकच. पण तुम्ही तुमच्या चिठ्ठीवरचा क्रमांक खोडून तिथे भलताच गट लिहिलात, तर माझ्या चिठ्ठीला धक्का लागत नाही आणि शेतालाही नाही.

आता हेच कोडमध्ये बघा. मेथडच्या आत ‘शेतकरी.गाव = मोलगी’ असं लिहिलं तर तो बदल बाहेर दिसतो. ‘शेतकरी = नवा शेतकरी’ असं लिहिलं तर बाहेरचं व्हेरिएबल जुन्याच ऑब्जेक्टला धरून राहतं. पायथॉनमध्येही हाच नियम आहे. वस्तूच्या आत जाऊन बदल करणं वेगळं आणि आपल्यापुरतं नाव दुसऱ्या वस्तूला लावणं वेगळं. हा भेद डोळ्यांना दिसायला लागला की पुढचं सगळं सोपं जातं.

२. ‘फरक स्पष्ट करा’च्या तक्त्यावर थांबू नका

महाराष्ट्रात बारावीला कॉम्प्युटर सायन्स घेतलेल्या कितीतरी मुलांची सी प्लस प्लसशी पहिली गाठ तिथेच पडली. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’वर तर देशभरातल्या कित्येक पिढ्या वाढल्या. दोन आकड्यांची अदलाबदल करणारं ‘स्वॅप’ फंक्शन आणि कॉल बाय व्हॅल्यू, कॉल बाय रेफरन्स यांचा दोन रकान्यांचा तक्ता आपल्या सगळ्यांच्या वहीत असतो. परीक्षेला तेवढं पुरतं. नोकरीच्या मुलाखतीत ‘जावा यातलं कोणतं?’ असं विचारलं की तक्ता अपुरा पडतो, कारण रकाने दोन आणि भाषांच्या तऱ्हा पुष्कळ.

१९६० च्या अल्गोलमध्ये ‘कॉल बाय नेम’ होतं. तिथे आर्ग्युमेंट म्हणून दिलेली राशी मेथडमध्ये जितक्या वेळा वापरली जाई तितक्या वेळा नव्याने मोजली जाई. जुन्या फोर्ट्रानमध्ये पत्ताच जायचा, आणि काही कंपायलरांत सबरुटीनला नुसता ४ दिला व तिने आत तो बदलला, तर प्रोग्राममध्ये पुढे ४ हा ४ राहत नसे. एमआयटीमध्ये बार्बरा लिस्कोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात क्लू नावाची भाषा घडवली आणि ऑब्जेक्ट सोपवण्याच्या तिच्या पद्धतीला ‘कॉल बाय शेअरिंग’ म्हटलं. देणारा आणि घेणारा दोघेही तीच वस्तू धरून असतात, पण ज्याचं नाव त्याच्यापाशी. जावा आणि पायथॉन आज जे करतात त्याचं याहून नेमकं वर्णन मला सापडलेलं नाही.

पीएचपीचा इतिहासही बोलका आहे. चौथ्या आवृत्तीपर्यंत मेथडला ऑब्जेक्ट दिलं की त्याची अख्खी प्रत निघायची. २००४ च्या पाचव्या आवृत्तीपासून ते बदललं आणि जावासारखं झालं. भाषा तीच, लिहिलेली ओळ तीच, अर्थ मात्र पालटला.

भाषा नवी असेल तर मी मुलांना एकच परीक्षा करायला सांगते: बाहेरच्या दोन व्हेरिएबल्सची अदलाबदल करणारी मेथड लिहून दाखवा. सी प्लस प्लसमध्ये पॅरामीटरला ‘अँड’चं चिन्ह लावून जमते, सी शार्पमध्ये ‘रेफ’ लिहून जमते. जावात आणि पायथॉनमध्ये जमत नाही. सीमध्ये जमते, पण तिथे आपण पत्ता हातानेच काढून देतो आणि त्या पत्त्याचीही प्रतच जाते. पाच मिनिटांची ही परीक्षा दहा व्याख्यांना भारी आहे.

३. मेथड वस्तू बदलत असेल तर तिच्या नावातच ते कळू द्या

आमच्या भागातल्या एका खरेदीदाराची संगणकप्रणाली माझ्याकडे दुरुस्तीला आली होती. मका तोलला जाई तसतशी प्रत्येक कट्ट्याची तोलपावती यादीत जमा होई, शेतकऱ्याला कागदी चिठ्ठी मिळे, शेवटी हिशेबपट्टी छापली जाई आणि मग सगळ्या पावत्या रजिस्टरला क्रमवार चढत. तक्रार अशी की शेतकऱ्याच्या हातातल्या तिसऱ्या चिठ्ठीवर ५२.४ किलो आणि रजिस्टरला तिसऱ्या क्रमांकावर ४९.८. एकूण वजन मात्र बरोबर.

“ताई, मुनीमजीचा हात आहे का यात, तेवढं सांगा,” शेठ दबक्या आवाजात म्हणाले.

मुनीमजींचा काहीही संबंध नव्हता. पट्टी बनवणारी मेथड पावत्यांची यादी आर्ग्युमेंट म्हणून घ्यायची. जड कट्टा वर दिसावा म्हणून ती यादी वजनाप्रमाणे लावायची आणि छापायची. पण यादी तीच होती, प्रत नव्हती. त्यामुळे पट्टी छापून झाल्यावर मूळ यादीचा तोलाचा क्रम कायमचा मोडलेला असायचा आणि रजिस्टरची मेथड तीच मोडलेली यादी उतरवून घ्यायची. बेरीज बदलत नव्हती म्हणून कोणाच्या लक्षात येत नव्हतं. दुरुस्ती एका ओळीची: आधी यादीची प्रत काढा, क्रम त्या प्रतीला लावा.

इथे एका भल्या माणसावर संशय आला होता, म्हणून हा प्रसंग मी प्रत्येक तुकडीला सांगते. ‘पट्टी बनव’ हे नाव वाचणाऱ्याला वाटतं, ही मेथड फक्त पट्टी बनवेल. ती आपली यादीही हलवेल, असा वहीम कोणालाच येत नाही. पायथॉनच्या रचनाकारांनी हे फार चांगलं सांभाळलंय. यादीची स्वतःची ‘सॉर्ट’ मेथड त्याच यादीत बदल करते आणि मुद्दाम काहीच परत देत नाही. ‘सॉर्टेड’ हे वेगळं फंक्शन नवी यादी हातात ठेवतं आणि जुनीला हात लावत नाही. बदल करणारीने काही परत देऊ नये, परत देणारीने बदल करू नये: आपल्या मेथड्स या शिस्तीत बसवल्या की निम्म्या तक्रारी जन्मालाच येत नाहीत.

४. एक आर्ग्युमेंट कंसात दिसत नाही, पण जातं

‘पट्टी.कपात(ओलावा)’ असं लिहिलं की कंसात एकच आर्ग्युमेंट दिसतं. प्रत्यक्षात दोन जातात. टिंबाच्या डावीकडची ‘पट्टी’ हेही आर्ग्युमेंटच. पायथॉनमध्ये मेथड लिहिताना ते ‘सेल्फ’ म्हणून पहिल्या जागी उघड लिहावं लागतं. जावा आणि सी प्लस प्लस ते ‘धिस’च्या रूपात आपणहून पुरवतात. मुलांना वाटतं, ‘सेल्फ’ लिहिणं ही पायथॉनची उगीच कटकट. मला ती या भाषेची मोठी देणगी वाटते, कारण कोणावर काम होतंय ते झाकलेलं राहत नाही.

हे पटलं की दुसरी गोष्ट आपोआप सुचते. जे ऑब्जेक्टच्या पोटात आधीच आहे ते पुन्हा कंसात देऊ नका. पट्टीपाशी तिचा भाव असताना ‘पट्टी.रक्कम(भाव)’ लिहिलं की भाव दोन ठिकाणी राहतो, आणि आज ना उद्या ते दोन भाव वेगळे निघतात.

या न दिसणाऱ्या आर्ग्युमेंटचा मान भाषाही वेगळा राखते. एकाच नावाच्या अनेक मेथड्स असतील, तर जावा कंसातल्या आर्ग्युमेंटचा जाहीर केलेला प्रकार बघून त्यांतली कोणती ते कंपाइल करतानाच ठरवतो. टिंबाच्या डावीकडचं ऑब्जेक्ट खरोखर कोणत्या क्लासचं, हे मात्र प्रोग्राम चालू असताना बघितलं जातं. ओव्हरलोडिंग आणि ओव्हररायडिंगमधला सगळा घोळ या एका ओळीत सुटतो.

५. वजन आणि भाव हे दोन्ही नुसते आकडे ठेवू नका

समजा, मेथड आहे ‘पट्टी(वजन, भाव)’. मका १२ क्विंटल, भाव २१००. लिहिणाऱ्याने घाईत आधी भाव दिला, मग वजन. रक्कम काय येईल? २५,२००. उलटं दिलं काय, सुलटं दिलं काय, गुणाकार तोच. चाचणी पास होते. आता त्याच पट्टीतून क्विंटलमागे १० रुपये हमाली वजा करा. बरोबर हिशेबात १२० रुपये जातात आणि हाती २५,०८० पडतात. उलट्या हिशेबात हमालीच २१,००० होते आणि शेतकऱ्याच्या हाती ४,२०० टेकवले जातात.

जागेवरून ओळखली जाणारी आर्ग्युमेंट्स अशी दगा देतात, विशेषतः दोन्हींचा प्रकार एकच असेल तर. यावर दोन उपाय आहेत. पायथॉनमध्ये नावानिशी द्या: ‘वजन=१२, भाव=२१००’. पॅरामीटरच्या यादीत नुसती एक फुली टाकली की त्यापुढची आर्ग्युमेंट्स नावाशिवाय घेतलीच जात नाहीत. जावात नावानिशी देता येत नाही. तिथे वजनाचा एक छोटा क्लास करा, भावाचा दुसरा. मग उलटं दिलेलं कंपायलरच परत पाठवतो.

हे लहान गावच्या हिशेबापुरतं आहे असं समजू नका. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळापाशी पोहोचताना हातचं गेलं. जमिनीवरची एक प्रणाली आवेग पाउंड-सेकंदांत देत होती आणि तो आकडा घेणारी दुसरी प्रणाली तो न्यूटन-सेकंदांत आहे असं धरून चालली होती. आकडा पोहोचला, एकक वाटेतच राहिलं.

६. माणसाचं नाव देऊ नका, ओळख द्या

आमच्या तालुक्यात वसावे, पाडवी, वळवी, तडवी ही आडनावं घरोघरी आहेत. एकाच गावात एकाच नावाची आणि आडनावाची तीन-चार माणसं सहज निघतात, कधीकधी वडिलांचं नावही जुळतं. तरीही ‘जमा कर(नाव, रक्कम)’ अशा मेथड्स मी कितीतरी ठिकाणी पाहते. नाव ही नुसती स्ट्रिंग आहे. दोन स्ट्रिंग्ज सारख्या निघाल्या म्हणून माणूस एक होत नाही, आणि एकाच माणसाचं नाव दोन तऱ्हांनी लिहिलं म्हणून माणसं दोन होत नाहीत.

जावातला ‘इक्वल्स’ आणि दुहेरी बरोबर यांतला फरक मी इथेच शिकवते. दुहेरी बरोबर विचारतं, हे दोन्ही रेफरन्स एकाच ऑब्जेक्टचे आहेत का. स्ट्रिंगचं ‘इक्वल्स’ विचारतं, यांच्यात जे आहे ते सारखं आहे का. मेथडला शेतकऱ्याचं ऑब्जेक्ट द्या, नाहीतर खाते क्रमांक द्या. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आमच्याच जिल्ह्यातल्या, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं, हे मुलांना माहीत असतं आणि त्याचा त्यांना अभिमानही आहे. प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक लागतो कशाला, याचं कारण त्यांच्याच गावच्या मतदारयादीत सापडतं.

७. पायथॉनमध्ये रिकामी यादी डीफॉल्ट म्हणून ठेवू नका

मेथडच्या पहिल्या ओळीत ‘यादी = रिकामी यादी’ असं डीफॉल्ट लिहिलं, तर मेथड बोलावताना दर वेळी नवी यादी बनत नाही. मेथडची व्याख्या वाचली जाते तेव्हा एकदाच बनते आणि पुढे तीच वापरली जाते. पहिल्या गिऱ्हाइकाने घेतलेलं तेल आणि साखर दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या खात्यावर निघतात ती यामुळे. उपाय ठरलेला आहे: डीफॉल्ट ‘नन’ ठेवा आणि आत गेल्यावर, काही आलं नसेल तरच, नवी यादी करा. नियम एका ओळीचा आहे, पण तो का आहे हे पहिल्या मुद्द्यावाचून कळत नाही.

८. प्रत काढायची तर किती खोल, ते ठरवा

यादीची प्रत काढली म्हणजे यादीतल्या वस्तूंचीही प्रत निघाली असं नाही. वरवरची प्रत नवी यादी करते, पण तिच्यातले रेफरन्स जुन्याच पावत्यांकडे नेतात. क्रम बदलायचा असेल तर ती पुरते, कारण क्रम यादीचा असतो. पावतीतलं वजन दुरुस्त करायचं असेल तर ती पुरत नाही, तिथे खोल प्रत लागते. पायथॉनच्या ‘कॉपी’ मॉड्यूलमध्ये ‘कॉपी’ आणि ‘डीपकॉपी’ अशी दोन वेगळी फंक्शन्स आहेत ती यासाठीच. मात्र भीतीपोटी सगळीकडे खोल प्रत काढत सुटलं तर मेमरी जाते, वेळ जातो, आणि मुख्य म्हणजे ज्या बदलाची सर्वांना खबर लागायला हवी तो प्रतीतच अडकून पडतो.

सी प्लस प्लसमध्ये आणखी एक धोका आहे. ‘पट्टी’ हा मूळ क्लास आणि त्यावरून काढलेला ‘कापूसपट्टी’, ज्यात ओलाव्याची कपात जास्तीची. मेथडने पॅरामीटर ‘पट्टी’ म्हणून किमतीने घेतला आणि आपण ‘कापूसपट्टी’ दिली, तर प्रत फक्त ‘पट्टी’च्या भागाची निघते. ओलाव्याचा भाग कापला जातो, आणि ते भाषेच्या नियमात बसत असल्यामुळे कंपायलर सहसा अडवत नाही. याला स्लायसिंग म्हणतात. तिथे ‘कॉन्स्ट’ रेफरन्स घ्यावा: प्रत निघत नाही, क्लास शाबूत राहतो, आणि मेथड त्यात बदल करणार नाही हे पहिल्याच ओळीत लेखी मिळतं. ‘कॉन्स्ट’चा सगळ्यात मोठा उपयोग मला हाच वाटतो. तो संगणकापेक्षा पुढच्या प्रोग्रामरसाठी लिहायचा असतो.

जावातल्या ‘फायनल’बद्दल मुलांची समजूत इथेच दुरुस्त करावी लागते. पॅरामीटरला ‘फायनल’ लावलं की नाव दुसऱ्या ऑब्जेक्टला लावता येत नाही, एवढंच. ऑब्जेक्टच्या आत बदल खुशाल करता येतो. बदल खरोखर बंद करायचा असेल तर क्लासच तसा घडवावा लागतो. २०२१ मध्ये जावाच्या १६ व्या आवृत्तीत पक्क्या झालेल्या ‘रेकॉर्ड’ने ते काम हलकं केलं, तरी रेकॉर्डमध्ये ठेवलेली यादी बदलती असेल तर ती बदलतीच राहते.

९. बाहेरून आलेलं आधी उतरवून घ्या, मग तपासा

आपला क्लास दुसरे लोक वापरणार असतील तर त्यांनी दिलेलं ऑब्जेक्ट तसंच पोटात ठेवू नये. त्यांच्या हातात त्याच वस्तूचा रेफरन्स अजून आहे. आपण तपासून ठेवलेली तारीख ते नंतर बाहेरच्या बाहेर बदलू शकतात. जोशुआ ब्लॉक यांच्या ‘इफेक्टिव्ह जावा’ या पुस्तकात यावर स्वतंत्र मुद्दा आहे आणि त्यातला क्रम फार महत्त्वाचा आहे: आधी प्रत काढा, मग ती प्रत तपासा. उलट केलं तर तपासणी आणि प्रत यांच्या मधल्या क्षणात दुसरा थ्रेड वस्तू बदलू शकतो, आणि तपासलेलं एक, ठेवलेलं दुसरं अशी गत होते.

रिकाम्या रेफरन्सची गोष्टही याच दाराशी आणावी. टोनी होअर यांनी १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू या भाषेत ‘नल’ आणला आणि २००९ मध्ये त्यांनीच त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. ज्या मेथडला शेतकऱ्याचं ऑब्जेक्ट हवं तिने ते आलंय की नाही हे पहिल्याच ओळीत बघावं आणि आलं नसेल तर तिथेच थांबावं. पुढे दहा मेथड्स ओलांडून प्रोग्राम कोसळला तर नल कुठून शिरला हे शोधायला दिवस जातो.

१०. आर्ग्युमेंट्सची रांग वाढली की राहिलेला क्लास शोधा

‘पट्टी बनव(नाव, गाव, वजन, भाव, ओलावा, हमाली, तोलाई, आगाऊ)’ अशी ओळ दिसली की मी ती मुलांना मोठ्याने वाचायला लावते. वाचता वाचताच त्यांच्या लक्षात येतं की नाव आणि गाव शेतकऱ्याचे, वजन, भाव आणि ओलावा मालाचे, हमाली, तोलाई आणि आगाऊ कपातीतले. मग मेथड ‘पट्टी बनव(शेतकरी, माल, कपात)’ एवढीच उरते. क्लास कोणते करावेत, हा मुलांचा सगळ्यात अवघड प्रश्न असतो. त्याचं उत्तर आर्ग्युमेंट्सच्या रांगेत आयतं मिळतं: जी नेहमी जोडीने हिंडतात त्यांचं एक घर असतं.

११. कागदावर बाण काढा आणि आपल्या बोलीत सांगा

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा अभ्यासक्रम असो की आणखी कुठला, पुस्तक इंग्रजीत असतं, शाळा मराठीत झालेली असते आणि घरी वसावी किंवा अहिराणी बोलली जाते. कोड वाचून दाखवायला सांगितलं की मुलं शब्द वाचतात, अर्थ राहून जातो. म्हणून आम्ही कागद घेतो. डावीकडे व्हेरिएबल्सची नावं, उजवीकडे ऑब्जेक्ट्सचे चौकोन, मध्ये बाण. मेथड बोलावली की खाली नवी नावं लिहायची आणि त्यांचे बाण त्याच चौकोनांकडे न्यायचे. मेथड संपली की ती नावं खोडायची, चौकोन तसेच ठेवायचे. मग हाच कागद दुसऱ्या मुलाला घरच्या बोलीत समजावून द्यायचा. जिथे बोलणारा अडखळतो, नेमकी तिथेच त्याची समज कच्ची असते.

नेट चालू असेल तेव्हा ‘पायथॉन ट्यूटर’ हे मोफत साधन हेच बाण पडद्यावर काढून दाखवतं, पायथॉनचे, जावाचे आणि सी प्लस प्लसचेही. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे पाठ मराठी आवाजात मिळतात, घरी बसून शिकणाऱ्याला त्यांचा मोठा आधार आहे. तरी पहिला बाण स्वतःच्या हाताने काढावा, असा माझा आग्रह असतो. हाताने काढलेला लक्षात राहतो.

१२. ज्याला कोड दिसत नाही त्याच्यासाठी लिहा

मेथड कोणाची यादी बदलते, कोणाची प्रत काढते, काय मागते आणि काय परत देते, हे सगळं लिहिणारा आणि वाचणारा यांच्यातलं लेखी ठरलेलं असतं. ज्याच्या हातात शेवटी छापील पट्टी पडते तो या ठरावात कुठेच नसतो. मोलगीच्या डोंगरातून मका घेऊन खाली आलेला माणूस पट्टीवरचा शेवटचा आकडा बघतो आणि आपल्या मनातल्या हिशेबाशी ताडतो. तो जुळला नाही तर त्याला रेफरन्स माहीत नसतो, यादीचा मोडलेला क्रम माहीत नसतो. त्याला एवढंच वाटतं की आपल्याला फसवलं.

म्हणून आर्ग्युमेंट सोपवताना मी मुलांकडून तीन गोष्टी घोकून घेते: काय सोपवलं, ते बदलायचा हक्क कोणाला दिला, आणि हे तिसऱ्या माणसाला वाचून कळेल का. तिन्हींची उत्तरं मेथडच्या पहिल्या ओळीत दिसली, तरच आम्ही पुढची ओळ लिहितो.